गुलमर्गच्या स्की कोर्ससाठी जॅकेट: ऊब आतल्या थरांत ठेवा, जॅकेट हलकं घ्या

प्रश्न असा आहे: फेब्रुवारीत गुलमर्गला दोन आठवड्यांचा बेसिक स्की कोर्स करायचा आहे. उंची पाच फूट एक इंच, थंडी लवकर वाजते. सह्याद्रीत भरपूर ट्रेक झालेत, हिमालयातला एक झालाय, त्यामुळे घरी एक पावसाळी जॅकेट आणि एक डाउन, म्हणजे पिसांच्या भरणाचं, जॅकेट आहे. नवीन घ्यायचं तर 'उणे वीस'चा शिक्का असलेलं भरपूर जाड जॅकेट घ्यावं का? लेबलवरच्या दहा हजार आणि वीस हजार या आकड्यांनी खरंच फरक पडतो का? आणि ब्रीदेबल म्हणजे नेमकं काय, कारण सह्याद्रीत कुठलंच ब्रीदेबल जॅकेट चाललेलं नाही, आतून ओलं व्हायला झालंच.

जाड जॅकेट घेऊ नका, हे आधी सांगून टाकते. आत भरण नसलेलं किंवा अगदी पातळ भरणाचं, सगळ्या शिवणींना आतून टेप असलेलं आणि काखेत चेन असलेलं जॅकेट घ्या. उबेची सोय आतल्या कपड्यांत करा. गुलमर्ग आणि औलीला नवशिक्या मुलींच्या बॅचेसबरोबर मी हिवाळे काढते, आणि थंडीने कुडकुडणारी मुलगी बहुतेक वेळा आधी घामाने भिजलेली असते. जाड जॅकेट घातलेल्या मुली तर हमखास.

पहिल्या आठवड्यात उतारावर काय चालतं ते डोळ्यांसमोर आणा. सकाळी स्कीचे कडक बूट घालून, स्की खांद्यावर टाकून बाऊलमध्ये, म्हणजे गुलमर्गच्या वाटीसारख्या मैदानात, चालत जायचं. सुरुवातीला लिफ्ट नसते. छोट्या उतारावर साइड-स्टेपिंग करत चढायचं, म्हणजे स्की उताराला आडव्या ठेवून एक पाय वर, मग दुसरा त्याच्याजवळ. वर पोचेपर्यंत पाठ ओली झालेली असते. मग रांगेत उभं राहायचं, कारण इन्स्ट्रक्टर एकेकीलाच खाली सोडतो. मग स्नोप्लाऊ करत, म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब ठेवून, खाली यायचं, मध्येच पडायचं, उठताना दोन्ही हात आणि एक कुल्ला बर्फात रुतवायचा, आणि पुन्हा चढायला लागायचं. दिवसभर हेच.

म्हणजे जॅकेटला तीन कामं आहेत. चढताना वाफ बाहेर सोडायची, उभं असताना वारा अडवायचा, पडल्यावर बर्फ आत येऊ द्यायचा नाही. जाड भरणाचा उपयोग फक्त उभं असताना होतो आणि चढताना तेच भरण तुम्हाला भिजवतं. भिजलेला कपडा अंगाला चिकटला की उभं राहिल्यावर कोरड्या कपड्याच्या कितीतरी पट वेगाने ऊब ओढून घेतो. भरण अंगावरून काढता येत नाही, पण आतलं फ्लीस, म्हणजे मऊ लवदार सिंथेटिक कापडाचा स्वेटर, काढून बॅगेत टाकता येतं. माझा सगळा सल्ला या एका गोष्टीवर उभा आहे.

आता ब्रीदेबलचं. सह्याद्रीतला तुमचा अनुभव खरा आहे, पण त्यावरून गुलमर्गचा अंदाज बांधू नका. पाणी अडवून वाफ सोडणाऱ्या कापडात एक पातळ पडदा असतो, त्याला मेम्ब्रेन म्हणतात. गोअर-टेक्स हे त्यातलं सर्वात जुनं नाव. बॉब गोअर यांनी १९६९ साली टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ झटक्यात ताणला आणि त्यातून अतिसूक्ष्म छिद्रांचं कापड तयार झालं. १९७०च्या दशकात ते जॅकेटांत आलं. त्या छिद्रांतून पाण्याचा थेंब जात नाही, वाफ जाते. दुसऱ्या प्रकारच्या पडद्यांना छिद्रं नसतात. पॉलियुरेथेनचा थर आतली ओल शोषून घेतो आणि बाहेरच्या बाजूने सोडतो. पण दोन्हींत वाफेला कुणी ढकलत नाही. आत वाफ जास्त आणि बाहेर कमी असेल, तरच ती बाहेर जाते.

जुलैत हरिश्चंद्रगडावर २४ अंश तापमान आणि धुकं असेल तर बाहेरच्या प्रत्येक घनमीटर हवेत आधीच साधारण २२ ग्रॅम वाफ असते. तुमच्या जॅकेटमधली वाफ जाणार कुठे? कितीही महागडं घेतलंत तरी भिजणारच. गुलमर्गला उणे ८ अंशांत हवा पूर्ण दमट असली तरी तिच्यात अडीच-पावणेतीन ग्रॅमपेक्षा जास्त वाफ मावत नाही. आतल्या आणि बाहेरच्या वाफेत एवढी मोठी तफावत असते, म्हणून तेच कापड तिथे खरोखर काम करतं. त्यामुळे पुण्याच्या दुकानात जॅकेट घालून 'गरम होतंय, ब्रीदेबल नाही' असं ठरवू नका, आणि कापडाला तोंड लावून फुंकून बघण्याचाही काही उपयोग नाही. वारा अडवणारं कापड फुंकर अडवणारच.

तरी थंडीचा एक वेगळा त्रास आहे. बाहेरचं कापड खूप गार असलं की वाफ पडद्यापर्यंत पोचते आणि आतल्या बाजूलाच पाणी होऊन बसते. जाड भरणाच्या जॅकेटमध्ये हे पाणी भरणातच साठतं आणि हॉटेलवर रात्रभर टांगूनही वाळत नाही, कारण गुलमर्गच्या खोल्यांत हीटर किंवा बुखारी (लाकडाची शेगडी) असली तरी वीज आणि लाकूड दोन्ही बेतानेच मिळतं. भरण नसलेलं जॅकेट झटकून टांगलं की सकाळी कोरडं मिळतं. दोन आठवड्यांच्या कोर्सला हा फायदा फार मोठा आहे.

आकड्यांकडे येऊ. पहिला आकडा पाण्याचा, मिलिमीटरमध्ये. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ धरला तर किती उंचीपर्यंत कापड टिकतं, त्याचा तो आकडा. १०,००० म्हणजे दहा मीटर उंच पाण्याचा दाब. कोरड्या बर्फात ५,०००चं कापडही दिवसभर तग धरतं, पण ओल्या बर्फात बसलात, गुडघे टेकलेत किंवा बॅगेचे पट्टे खांद्यावर दाबले गेले की कमी आकड्याचं कापड आधी तिथेच झिरपतं. तुम्ही पडणार आहात, वारंवार पडणार आहात, म्हणून १०,०००च्या खाली जाऊ नका. १५,००० मिळालं तर उत्तम. वीस हजारांसाठी जादा पैसे मोजायचे तर एकाच कारणासाठी: वापर आणि धुण्यांनी सगळीच कापडं हळूहळू उतरतात, आणि वीस हजारवालं उतरूनही बरीच वर्षं कामाचं राहतं. दर हिवाळ्यात जायचा बेत असेल तर घ्या.

दुसरा आकडा वाफेचा: चोवीस तासांत एक चौरस मीटर कापडातून किती ग्रॅम वाफ गेली. हा आकडा फसवा आहे. चाचणीच्या पद्धती अनेक आहेत, आणि एकच कापड एका पद्धतीत आठ हजार दाखवतं, दुसरीत वीस हजार. म्हणून एका कंपनीच्या आकड्याची दुसऱ्या कंपनीच्या आकड्याशी तुलना करू नका. एकाच कंपनीच्या दोन जॅकेटांत तेवढी करा. काही युरोपीय कंपन्या कापड वाफेला किती अडवतं त्याचं आरईटी नावाचं माप देतात, ते जास्त भरवशाचं. ते उलटं वाचायचं, कमी तेवढं चांगलं: सहाच्या खाली उत्कृष्ट, तेरापर्यंत चांगलं, वीसच्या वर गेलं की घाम आतच राहणार. नुसता ग्रॅमचा आकडा मिळाला तर १०,०००च्या पुढचं बघा आणि उरलेली भिस्त काखेतल्या चेनवर ठेवा. चढताना दोन्ही काखा कोपरापर्यंत उघडल्या की कुठल्याही मेम्ब्रेनपेक्षा जास्त वाफ तिथून निघून जाते. स्वस्त जॅकेटात ही चेन नसते, किंवा असली तर वीतभरच असते. दुकानात ती उघडून, हात वर करून बघा.

शिवणींबद्दल दुकानदार सहसा बोलत नाहीत. सुईने कापडाला छिद्रं पाडलेलीच असतात, मग कापड वीस हजारांचं असो वा तीस. ती छिद्रं आतून टेप लावून बंद करतात. काही जॅकेटांत फक्त खांदा आणि टोपीच्या शिवणींना टेप असते आणि लेबलवर 'क्रिटिकली टेप्ड' असं लिहून वेळ मारून नेलेली असते. तुम्हाला सगळ्या शिवणी टेप केलेलं हवं. अस्तर असलेल्या जॅकेटात टेप दिसत नाही; तेव्हा आतला खिसा किंवा खालच्या बाजूचं स्नो-स्कर्ट (कंबरेशी असलेला आतला घेर) उचलून जिथे बाहेरचं कापड आतून दिसेल तिथे बघा, शिवणीवर बोटभर रुंद चकचकीत पट्टी दिसायला हवी. बाजारात नामांकित कंपन्यांची लेबलं लावलेली नकली जॅकेटं भरपूर आहेत. ती ओळखण्याचा माझा पहिला मार्ग हाच. लेबल हुबेहूब असतं, टेप नसते.

तुम्ही बायकांचं जॅकेट घेताय, म्हणून जिथे खरा फरक पडतो त्या मापाकडे येते. नवऱ्याचं किंवा भावाचं जॅकेट घालून मुली येतात तेव्हा खांदे उतरलेले, बाह्या लांब आणि कुल्ल्यांवर मात्र घट्ट असं होतं. कुल्ल्यांवर घट्ट जॅकेट वाकलं की वर सरकतं, आणि पडल्या पडल्या पाठीवर बर्फ जातो. माप घेताना छाती आणि नितंब दोन्ही मोजा, तेही आतले थर घालून. दोन मापांच्या मध्ये पडलात तर नितंबाला बसेल ते माप घ्या. लांबी अशी हवी की मागून बसायची जागा पूर्ण झाकली जाईल, कारण बर्फात आणि लिफ्टच्या गार खुर्चीवर तुम्ही तिथेच बसणार आहात. पण गुडघ्यांपर्यंत आलेलं जॅकेट स्कीइंगला नको, गुडघे वाकवताना अडतं. पाच फूट एक इंचाला परदेशी मापांची बाही हमखास लांब होते. काही कंपन्या 'पेटीट' किंवा 'शॉर्ट' लांबी देतात, ती आधी शोधा. नसेल तर मनगटाला घट्ट आवळता येणारा वेल्क्रोचा पट्टा असायलाच हवा.

दुकानात एक कसरत करून बघा, लाजू नका. फ्लीस घालून वर जॅकेट, चेन हनुवटीपर्यंत वर. दोन्ही हात डोक्यावर: कंबर उघडी पडते का? उकिडवं बसा: छातीवर किंवा पाठीवर ताणतं का? हात पुढे करून मिठी मारल्यासारखे गुंडाळा: खांद्याच्या मागे कापड खेचतं का? मग हेल्मेट मागा, नसेल तर जाड टोपी घाला, वर हूड चढवा आणि मान डावी-उजवीकडे वळवा. हूड डोळ्यांपुढे आला तर ते जॅकेट स्कीइंगचं नाही. लांब केस असतील तर वेणी घालून जॅकेटच्या आत सोडायची, त्यासाठी मानेमागे जागा आहे का तेही बघा. शेवटी हातमोजे घालून चेनचा खिटा पकडता येतो का ते बघा. पकडता येत नसेल तर खिट्याला नाडी बांधून घ्या, शून्याखाली दर वेळी हातमोजा काढणं परवडत नाही.

आतल्या बाजूला कंबरेशी इलास्टिकचा घेर असतो तो स्नो-स्कर्ट. पडल्यावर खालून येणारा बर्फ तो अडवतो. नवशिकीला तो हवाच, आणि बटणं लावल्यावर कंबरेला नीट बसायला हवा. मनगटाशी लायक्राचा आतला कफ असेल, अंगठ्याला भोक असलेला, तर आणखी छान. हात टेकून उठताना बाहीत बर्फ शिरत नाही. खिशांची संख्या मोजू नका. छातीच्या आत एक पुरेसा, तिथे फोन शरीराच्या उबेत राहतो आणि बॅटरी टिकते. काही जॅकेटांत रेको नावाची छोटी पट्टी शिवलेली असते. ती हिमस्खलनात गाडलेल्याला शोधायला शोधपथकाच्या यंत्राला मदत करते. असली तर वाईट नाही, पण तिच्या भरवशावर कुणी तुम्हाला अफरवटच्या, म्हणजे गुलमर्गच्या वरच्या डोंगराच्या, उघड्या उतारांवर नेत असेल तर जाऊ नका. तिथे ट्रान्सीव्हर (अंगावर बांधायचं सिग्नल देणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं आणि ते वापरायला शिकलेली सोबत लागते.

रंग भडक घ्या. पांढरं, फिकट निळं, राखाडी नको. ढग उतरला की पन्नास पावलांवरची मुलगी दिसत नाही, आणि इन्स्ट्रक्टर लाल-केशरी-पिवळ्यावरच नजर ठेवून असतो.

आता आतले थर, कारण थंडी लवकर वाजते या तुमच्या तक्रारीचं उत्तर तिथे आहे. अंगाला लागून असलेला थर कॉटनचा अजिबात नको. आपल्याकडच्या होजिअरीच्या दुकानात थर्मल म्हणून मिळणारे बरेच कपडे कॉटनचे किंवा कॉटन-मिश्र असतात, लेबल वाचा. मेरिनो लोकर किंवा पॉलिएस्टर घ्या. आणि हे कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिते: ब्रासुद्धा कॉटनची नको. वरचं सगळं महागडं, कोरडं, आणि आत छातीवर-पाठीवर कॉटनची जाड स्पोर्ट्स ब्रा घामाने भिजलेली, असं दर बॅचमध्ये दिसतं. तो पट्टा दिवसभर वाळत नाही, आणि मुलगी सांगते की जॅकेट गार लागतंय. सिंथेटिक किंवा मेरिनोची पातळ, कमी पॅडची ब्रा घ्या, दोन घ्या म्हणजे आलटून पालटून वापरता येतील. चड्डीचंही तेच.

त्यावर पातळ फ्लीस. दिवस गार असेल तर फ्लीसऐवजी किंवा फ्लीसवर पातळ सिंथेटिक भरणाची बिनबाह्यांची जाकीट. धड गरम राहतं आणि हात मोकळे. सगळ्यात वर तुमचं जॅकेट. फेब्रुवारीत गुलमर्गच्या बाऊलमध्ये, म्हणजे साधारण २६५० मीटरवर, उन्हाच्या दिवशी तापमान शून्याच्या आसपास असतं आणि चढताना फ्लीससुद्धा नकोसं होतं. गंडोला या रोपवेच्या दुसऱ्या टप्प्याने अफरवटला गेलात तर तुम्ही ३९०० मीटरच्या वर असता. हजार मीटरला सहा-साडेसहा अंश धरले तर आठ अंशांचा फरक नुसत्या उंचीने पडला. वारा वेगळाच. उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला उणे २० सारखं लागतं, आणि हवा थांबलेली असली तरी ताशी ३०ने घसरणारी मुलगी हा वारा स्वतःच तयार करते. म्हणून वारा अडवणारं कापड जाड भरणापेक्षा मोलाचं. पण बेसिक कोर्समध्ये तुमचे जवळपास सगळे दिवस बाऊलमध्येच जाणार आहेत. कपडे बाऊलसाठी घ्या, अफरवटसाठी एक थर बॅगेत ठेवा.

बर्फाचा प्रकारही लक्षात घ्या. काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्ला-ए-कलान, मग वीस दिवस चिल्ला-ए-खुर्द, मग दहा दिवस चिल्ला-ए-बच्चा असा थंडीचा हिशोब आहे. फेब्रुवारीच्या सुरुवातीचा बर्फ कोरडा, भुरभुरीत, झटकला की पडतो. महिनाअखेरीला आणि मार्चमध्ये दुपारी तोच बर्फ पाणी धरतो, कधी बर्फाबरोबर पाऊसही पडतो. तुमची बॅच मार्चमध्ये ढकलली गेली तर पाण्याच्या आकड्याला आणि टेपला जास्त महत्त्व द्या, उबेला कमी. अमेरिकेत कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मैत्रिणी लेक टाहोला जातात, तिथला बर्फ असाच जड आणि ओला असतो. कोलोरॅडोतल्यांना कोरडा मिळतो. त्यांच्या सल्ल्यांत फरक दिसला तर कारण हे.

हातपाय गार पडणं ही वेगळी गोष्ट आहे आणि ती जॅकेटने फारशी सुटत नाही. धड गार पडू लागलं की शरीर हातापायांकडचं रक्त आखडतं, आणि बऱ्याच बायकांत हे पुरुषांपेक्षा लवकर सुरू होतं. धड कोरडं ठेवणं हा पहिला उपाय. दुसरा, बोटं एकत्र राहतील असे मिटन. तिसरा, बुटात एकच पातळ लांब मोजा; दोन मोजे घातले की बूट आवळतो, रक्त अडतं आणि पाय आणखी गार पडतो. गळ्याला स्कार्फ किंवा ओढणी नको. ड्रॅग लिफ्टच्या, म्हणजे बर्फावरून वर ओढत नेणाऱ्या लिफ्टच्या, दोरीत लोंबतं टोक अडकण्याचा धोका खरा आहे. नळीसारखं नेक-गेटर घ्या. खाली बिब पॅंट, म्हणजे छातीपर्यंत येणारी खांद्यांवर पट्टे असलेली पॅंट, घेणार असाल तर बाजूने चेन उघडून मागचा भाग खाली घेता येतो का ते बघा. उतारापासून स्वच्छतागृह लांब असतं आणि सगळं वरपासून उतरवायला लागलं तर मुली पाणी पिणंच सोडून देतात. त्याने थंडी आणि विरळ हवा दोन्ही जास्त बाधतात.

विकत घ्यायचं कुठे? पहिल्याच कोर्ससाठी डेकॅथलॉनच्या वेडझे या स्की-ब्रँडचं जॅकेट बरं पडतं, काही हजारांत काम होतं; फक्त भरणाचं वजन आणि टेप बघून निवडा, दिसायला सगळी सारखीच. कोलंबियाची बरीच जॅकेटं आत चंदेरी ठिपक्यांचं अस्तर लावून गरम केलेली असतात. चांगली आहेत, पण तुमच्या कामाला त्यांच्यातलं सर्वात पातळ घ्या. तीन थर एकत्र चिकटवलेलं गोअर-टेक्सचं बायकांचं जॅकेट परदेशात चारशे ते सातशे डॉलरला जातं. पहिल्या वर्षी तेवढं घालवू नका. तिकडून कुणी येणार असेल तर मार्च-एप्रिलमध्ये हंगाम संपताना भाव बरेच उतरतात, तेव्हा पुढच्या वर्षासाठी मागवा. अमेरिकन माप आपल्यापेक्षा एक घर मोठं निघतं, हे सांगायला विसरू नका. गुलमर्गला भाड्यानेही मिळतं. बहुतेक भाड्याची जॅकेटं जाड, न धुतलेली, आणि बाहेरचं कापड पाणी पिणारं झालेली असतात. दोन दिवसांच्या मौजेला चालतील, कोर्सला नाही. स्की, बूट आणि पोल मात्र भाड्याने किंवा संस्थेकडूनच घ्या. कपड्यांपैकी काही संस्था देणार आहे का, ते नाव नोंदवतानाच विचारा.

कापड पाणी पितं म्हणजे काय, तेही सांगते. नव्या जॅकेटच्या बाहेरून एक लेप असतो, त्यामुळे अळवाच्या पानावरून घरंगळावं तसं पाणी निघून जातं. मळ, घाम, सनस्क्रीन आणि साबणाने तो लेप निकामी होतो. मग आतल्या पडद्यातून पाणी आलेलं नसतं, पण बाहेरचं कापड भिजून जड होतं, वाफेची वाट बंद होते आणि आतला घाम आतच राहतो. मुलगी म्हणते जॅकेट गळतंय. ते गळत नसतं, मळलेलं असतं. असं जॅकेट टेक्निकल कपड्यांच्या द्रव साबणाने, मंद चक्रावर धुवा. नेहमीची पावडर आणि कपडे मऊ करणारं कंडिशनर दोन्ही नको. नीट खंगाळा, वाळवा, आणि लेबलवर परवानगी असेल तर वर सुती कापड टाकून कोमट इस्त्री फिरवा, वाफ बंद ठेवून. उष्णतेने लेप पुन्हा जागा होतो. तरीही थेंब पसरायला लागले तर नवा लेप फवाऱ्याने देता येतो. आरोग्य आणि पर्यावरणाच्या कारणांनी कंपन्या आता फ्लोरिनवाली जुनी रसायनं सोडताहेत. नवा लेप पाणी ठीक अडवतो पण तेलकटपणापुढे लवकर हरतो, म्हणून नवी जॅकेटं जुन्यापेक्षा जास्त वेळा धुवायची.

तुमच्या घरच्या पावसाळी जॅकेटवरही हाच प्रयोग करा: नळाखाली खांदा धरा आणि थेंब बघा. ते धुऊन, इस्त्री करून पाणी झटकायला लागलं, शिवणी टेप केलेल्या असल्या, आणि आत फ्लीस मावत असेल, तर औपचारिकपणे ते स्की जॅकेट नसलं तरी कोर्स निभावून नेईल. कमी पडेल ते स्नो-स्कर्ट आणि काखेची चेन. स्नो-स्कर्टची उणीव उंच बिब पॅंट भरून काढते. आतली बाजू मात्र हात फिरवून तपासा. पॉलियुरेथेनचा थर दमट उष्णतेत कुजतो, म्हणून मुंबई-कोकणात कपाटात गुंडाळून ठेवलेल्या जॅकेटचा आतला भाग चिकट होतो आणि पापुद्रे सुटतात. तसं झालं असेल तर ते संपलं, धुऊन उपयोग नाही. नवं घेतलंत की पावसाळ्याआधी धुऊन, पूर्ण वाळवून, हँगरला सैल टांगा. पिशवीत दाबून ठेवू नका.

आणि डाउन जॅकेट बरोबर न्याच, पण उतारावर घालायला नाही. डाउन भिजलं की त्याचा फुगीरपणा जातो आणि फुगीरपणा गेला की ऊबही गेली. ते कोरड्या पिशवीत घालून पाठीवरच्या बॅगेत ठेवा. रांगेत वेळ लागणार असेल, इन्स्ट्रक्टर वर्ग घेत असेल, कुणाला लागलं म्हणून सगळ्याच थांबल्या असतील, तर ते जॅकेटवरूनच चढवा आणि निघायच्या आधी काढून ठेवा. त्यासाठी ते सैल असायला हवं. तुमचं अंगालगत बसणारं असेल तर संध्याकाळी खोलीत आणि बाजारात वापरा. जॅकेटमध्ये जे पैसे वाचतील ते आधी मिटनमध्ये घाला, मग चांगल्या गॉगल्समध्ये. मिटनच्या आत घालायचे पातळ लोकरी हातमोजे दोन जोड असू द्या, एक वापरात, एक बुखारीजवळ वाळत.